पारूचं काय चुकलं

पारू जाऊन महिना होत आला, तेव्हा तिच्या रक्ताच्या तपासणीचा मुंबईचा कागद दवाखान्यात आला. भावजी, म्हणजे तिचा नवरा, गिरणीत होते, म्हणून मी गेले. डॉक्टर कागदाकडे बघतच बोलले, "बाई, ही लागणच होती. विषाणूची, रक्तातून जाणारी. दुसऱ्या आजारासारखी इतकी हुबेहूब दिसली की आम्ही फसलो. आमच्या गोळ्यांनी त्या लागणीला उलट बळच दिलं." मग म्हणाले, "नवऱ्याचं रक्त तपासून घ्या. त्याला असली तर पुढे दुसऱ्याला होईल."

पारू माझी धाकटी जाऊ, मोहोळची. शेजारी बसून विड्या वळताना तिचं तोंड सारखं चालू. मी गप्प म्हणून मला चिडवायची, "आक्का, बोला की जरा. बोलल्यानं दात पडत न्हाईत." मग तिचे डोळे पिवळे झाले, बोटांचे सांधे सुजले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिचं ताट वेगळं केलं. पुढे डॉक्टर म्हणाले, लागण नाही, हिचं शरीरच हिच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, उलटलंय. ताट फळीवर परत आलं, पण आत्याबाईंनी वेगळंच धरलं. "सोताचंच काळीज खाती म्हंजी पोटात पाप आसंल. कुनाचं वाईट केलंस, सांग." रोज हेच... गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं, तर चाळीतल्या बाया म्हणायच्या, "बाळसं धरलंय की!"

शेवटी पारूलाही ते खरं वाटू लागलं. भिंत धरून ती चाळीत दारोदार माफी मागत फिरली. शेवटी माझ्यापाशी आली. "आक्का, एकदा तुमच्या वाटचा गूळ खाल्ला मी. आजून काय चुकलं आसंल तर सांगा." मला हसू आलं होतं. पण दारात आत्याबाई उभ्या होत्या. मी मान खाली घातली. "व्हय ना?" पारू म्हणाली, "मला वाटलंच." आठ दिवसांत रक्ताची उलटी होऊन ती गेली...

डॉक्टरांचं बोलणं घरी सांगितलं. भावजी उठून गेले. आत्याबाईंनी कागद चुलीत घातला. "कुटं बोललीस तर बघ. पोराला दुसरी करायची हाय."

गेल्या आठवड्यात करमाळ्याची माणसं आली. चुलीपाशी मुलीच्या आईने विचारलं, "पयली कशानं गेली वो?" हातातली पोह्यांची ताटली खाली ठेवून मी सगळं सांगितलं. पारूची काही चूक नव्हती, हेही सांगितलं. आधी भावजींचं रक्त तपासा, म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमची ही चौथी पोरगी. रक्ताचं कोन बघत बसतंय, बाई? गिरणीतली नोकरी पक्की हाय न्हवं?"

सुपारी फुटली. विडीचं पान कापायची पारूची कात्री अजून खिळ्याला आहे. दुखऱ्या बोटांना टोचू नये म्हणून तिने मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. ती सोडवायला माझा हात होत नाही.

आत्याबाई म्हणतात, राहू दे, नवीला तीच चालेल.