चौथा सड

जगात नाना तऱ्हेचे डॉक्टर असतील, पण पितळी बांगडीने पोरांची तब्येत तपासणारी बाई एकच, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. सोनईजवळच्या एका वस्तीवर त्या राहतात. जमीन नाही, दुसऱ्यांच्या बांधावरच्या गवतावर पोसलेली एक जर्सी गाय आहे. लेकीची लहानपणची बांगडी सदा कनवटीला. पोर अंगणात आलं की आत्याबाई त्याचा हात धरून बांगडी चढवतात. कोपरापाशी अडली तर जा, खेळ. सरसर काखेपर्यंत गेली तर पेलाभर दूध. दुधाच्या आशेने पोरं श्वास रोखून, अंग चोरून उभी राहतात, पण आत्याबाई गुदगुल्या करून त्यांचं बिंग फोडतात. आमच्या चिरंजीवांच्या तर पंजातूनच बांगडी पुढे सरकेना. "जावई, ह्याला दूध नगं, जरा पळवा," असा सल्ला मला चारचौघांत मिळाला.

गाईच्या चार सडांपैकी एक वासरासाठी सोडायचा ही तिकडची रीत. आत्याबाईंचं वासरू कडबा खाऊ लागलं, तरी चौथ्या सडाचं दूध काही डेअरीत गेलं नाही. डेअरीवाल्याला वाटलं, सड निकामी झाला. त्या भल्या माणसाने जनावरांचे डॉक्टर धाडले. त्यांनी सड दाबला तर धार थेट त्यांच्या चष्म्यावर. मग हे दूध कुणाला राखलंय, असं त्यांनी विचारलं.

"वासरांना. सात हायेत," आत्याबाई म्हणाल्या.

त्या वस्तीवर घरोघरी गाई आणि घरोघरी कोरा चहा, कारण दूध डेअरीला घातलं तरच पीठ-मीठ येतं. आत्याबाईही कोराच पितात. असल्या घरातून ही बाई रोज एक सड बाजूला काढते, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या सातांत शेजारच्या मजुराची चार वर्षांची पोर होती. अंगणवाडीच्या ताईंनी तिचं वजन करून दूध, अंडी द्यायला सांगितलं होतं. आईने मान हलवली. आणायचं कुठून, हे ताईंनाही ठाऊक होतं. तिच्या दंडावर बांगडी चढवून वर आत्याबाईंचं एक बोट मावायचं. त्यांनी तिला दोन पेले सुरू केले, म्हणजे तिसऱ्या सडालाही हात घातला. डेअरीवाला कुरकुरला, पण चार महिने त्यांनी त्याला दाद दिली नाही.

गेल्या महिन्यात मी तिथेच होतो. त्या पोरीच्या हातात बांगडी कोपरापाशी अडली. आत्याबाईंनी पुन्हा ढकलली, पोर कळवळली. आत्याबाई गोठ्यात गेल्या आणि गाईच्या गळ्यात हात टाकून रडल्या. पोर मागोमाग गेली.

"आजी, मंग आता माजं दूध बंद?"

आत्याबाईंनी तिला जवळ ओढलं. "आजचं पी. उद्यापास्नं तुज्या भावाला देऊ."

नगरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी साय आली म्हणून पेला मोरीत ओतला. मी रागवायला तोंड उघडलं, पण डेअरीच्या पिशवीतलं हे दूध कुणाच्या अंगणातून आलंय हे त्याला कसं सांगावं ते सुचेना. मलाच लाज वाटली, आणि मी पेला विसळून ठेवला.