गाडीतली खुर्ची आणि माझी मांडी

नातवाच्या त्या खुर्चीचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं आहे. गाडीच्या मागच्या सीटवर बसवायची, लहान मुलांसाठीची खुर्ची. काळी, जाड गादीची, दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी. ती माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईने, नगरहून आणून दिली. कौतुकाने दिली असं सगळे म्हणतात. मला ते कौतुक तेव्हाही पचलं नव्हतं.

माझं म्हणणं साधं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं त्यांच्या घरी. कान टोचले ते मामाच्या मांडीवर, जावळ काढलं तेही मामाच्या मांडीवर, आणि मामा म्हणजे विहीणबाईंचाच मुलगा. मग बापाच्या आईच्या मांडीला राहिलं काय? राहिला तो आमच्या शेवगावपासून त्यांच्या नगरपर्यंतचा रस्ता. घरात पोराचं सगळं सूनबाईच्या घड्याळावर चालतं. आंघोळ तीच घालते, भरवतेही तीच, आणि मी मध्ये पडले की डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकावं लागतं. पण माझ्या मुलाने गाडी घेतल्यापासून आम्ही बरेचदा रविवारी नगरला जायचो आणि त्या सगळ्या वाटेवर नातू माझा असायचा. तिसगाव आलं की त्याचा डोळा लागायचा. करंजीचा घाट चढेपर्यंत माझा पदर लाळेने ओला.

नगरला पोचलो की विहीणबाई दारात हात पसरून उभ्या, आणि हा झोपेतच माझ्या गळ्याला मिठी मारून. मी म्हणायचे, असू द्या, आत्ताच झोपलाय. एवढं वाक्य बोलताना मला जे सुख व्हायचं, ते कुठल्या देवाच्या दारातही झालेलं नाही.

मग खुर्ची आली. सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत खुर्चीचे आकडे खट्टकन बसतात. पोराला आत ठेवलं, पट्टे लावले की झालं. मी शेजारी बसायचे, पण शेजारी बसणं आणि मांडीवर घेणं यात काय फरक आहे ते ज्याचं त्याला कळतं. तो हात लांब करून माझ्या बांगड्या वाजवायचा, तेवढंच. विहीणबाई फोनवर विचारायच्या, खुर्चीत बसतो ना, रडत नाही ना. तो रडत नव्हता, हेच तर माझं दुखणं होतं. उलट पट्टा लावायला उशीर झाला तर स्वतःच ओढून दाखवायचा.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मुलाच्या मोबाईलवर गाडीच्या कंपनीचा मेसेज आला आणि मागोमाग शोरूममधून फोन. आमच्यासारख्या काही गाड्यांमध्ये त्या कड्यांचं वेल्डिंग कच्चं राहिलं होतं. जोराचा दणका बसला तर कडी तुटून खुर्ची पोरासकट पुढे येईल. म्हणून गाड्या परत बोलावल्या होत्या. कड्या फुकट बदलून मिळणार, पण सामान यायला वेळ लागणार होता, आणि तोवर खुर्ची वापरायची नाही. मुलगा वाचून दाखवत होता, सूनबाईचा चेहरा उतरला होता. मी आत गेले आणि देवापुढे साखर ठेवली.

वेळेवर कळलं, पोराला काही झालं नाही, म्हणून ठेवली, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण निम्मी साखर दुसऱ्याच कारणाची होती.

विहीणबाईंना ही बातमी मीच फोन करून दिली. सूनबाईला म्हटलं, तू दमली असशील. आवाजात जेवढा गूळ घालता आला तेवढा घातला. खुर्ची तुमची लाखात एक, कडीच गाडीची कच्ची निघाली, त्याला तुम्ही तरी काय करणार. त्यांनी विचारलं, मग आता बाळ यायचं कसं?

"मांडी हाय की माझी," मी म्हणाले.

त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

पण माशी शिंकली. सूनबाईने सांगून टाकलं, खुर्चीशिवाय बाळ गाडीत बसणार नाही. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, मांडीवर घेऊन घोडेगावच्या बाजाराला नेलेलं आहे. ती शांतपणे म्हणाली, "नशीब तुमचं, आई." दणक्यात हात सुटतात म्हणे, कितीही घट्ट धरलं तरी. मुलगाही तिच्याच बाजूचा. मग रविवारमागून रविवार घरीच गेले. तिकडे विहीणबाई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातवाला बघायच्या आणि मी मुद्दाम त्याला मांडीवर घेऊन बसायचे.

शेवटी कड्या आल्याचा निरोप आला. गाडी दिवसभर नगरच्या शोरूममध्ये राहणार होती. ठरलं असं, की मुलाने खुर्ची डिकीत टाकून एकट्याने गाडी घेऊन पुढे जायचं, आम्ही पोराला घेऊन एस.टी.ने विहीणबाईंकडे जायचं, आणि परत येताना खुर्ची नव्या कड्यांना लावून गाडीने यायचं. एस.टी.त कुठं पट्टा असतो, असं मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. सूनबाई म्हणाली, मोठी गाडी आहे, आणि दुसरा इलाजही नाही. मी तो विषय तिथेच सोडला.

एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. पोर माझ्या मांडीवर. या वाटेवर, किती दिवसांनी! आणि ते बेणं मांडीवर टिकेना. एका खांद्याकडे बघे, दुसऱ्या खांद्याकडे बघे, आणि म्हणे, पट्टा. अमरापूर मागे पडलं तसा त्याने सूर लावला. बाया वळून बघायला लागल्या. सूनबाईने हात पुढे केले, पण मी काही दिला नाही. बोलून-चालून गादी आणि लोखंड, पण त्या क्षणी मी त्या खुर्चीवर जेवढी जळले तेवढी जिवंत माणसावर कधी जळले नसेन. मग पदर काढला, त्याच्या छातीवरून घेतला आणि माझ्या कमरेशी गाठ मारली. त्याने पदर ओढून बघितला. पक्का आहे म्हणून खात्री पटली, तसं डोकं माझ्या छातीवर टाकलं. तिसगावला झोपला.

नगरच्या स्टँडवर विहीणबाई स्वतः आल्या होत्या. एरवी त्या दाराबाहेर येत नाहीत. मला पदराने बांधलेलं, झोपलेलं पोर घेऊन उतरताना त्यांनी पाहिलं, आणि माझं ते वाक्य ओठांवर आलं. पण त्यांनी हातच पसरले नाहीत. सूनबाई रिक्षा बघायला गेली. आम्ही दोघी बाकावर टेकलो.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "हा दर वेळी तुमच्या गळ्यात झोपलेला यायचा. जागा होईस्तोवर तुमची निघायची वेळ. मला ते बघवत नव्हतं. म्हणून घेतली मी ती खुर्ची. म्हटलं, माझ्या मांडीवर नाही तर नाही, तुमच्या पण नको."

आधी संताप आला. मग बरंही वाटलं, कारण सगळं घर त्यांच्या काळजीचं कौतुक करत असताना मी एकटीच बरोबर होते. मग मी त्यांच्याकडे बघितलं. मांडीवरची पर्स त्यांनी उचलून बाजूला ठेवली होती आणि नुसत्या बसल्या होत्या. मागत काहीच नव्हत्या.

मी पदराची गाठ सोडायला घेतली. फार घट्ट बसलीय, म्हणाले. तेवढी घट्ट ती नव्हती. सूनबाई रिक्षा घेऊन येताना दिसली तेव्हा कुठे मी ती सोडली आणि पोर अलगद त्यांच्या मांडीवर ठेवलं.

रिक्षात घरापर्यंत तो त्यांच्याच मांडीवर होता. माझ्या पदराचं टोक मात्र त्याच्या मुठीत राहिलं होतं. ते मी काही सोडवून घेतलं नाही.