चाळिसावी डबी

औषधांच्या गोदामात त्याला सगळे 'परतमोज' म्हणत. सव्वीस वर्षं तो डब्या मोजत होता, आणि मोजून झाल्या की परत मोजत होता. घराचं कुलूपही दोनदा ओढून बघायचा. बायको म्हणायची, "नशीब माझं, बायको तेवढी एकच मोजलीत!"

अशा माणसाच्या हातून व्हावी ना चूक! सोमवारी एका दुकानाला जाणाऱ्या खोक्यात एक डबी चेपलेली निघाली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून जीव खात होता. प्रत्येक डबीला स्वतःचा नंबर असतो. ती या खोक्यातून त्या खोक्यात गेली तर कॉम्प्युटरला सांगावं लागतं. पण कॉम्प्युटरची गोगलगाय झालेली. परतमोजने शेजारच्या खोक्यातली चांगली डबी उचलून दिली आणि चेपलेली तिच्या जागी ठेवली. औषध तेच, संख्या तीच. नोंद नंतर करू म्हणाला, आणि साफ विसरला.

गुरुवारी कंपनीचा निरोप आला. त्या शेजारच्या खोक्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट ताकदीच्या निघाल्या होत्या, सगळ्या परत हव्या होत्या. सरकारी तपासनीस दारात हजर. कॉम्प्युटर म्हणाला, चाळीसच्या चाळीस इथेच आहेत. मालकांनी भराभर मोजल्या, चाळीस भरल्या. नंबर वाचतो कोण!

"कर सही," मालक म्हणाले.

परतमोजला सोमवारची चेपलेली डबी आठवली. बोलावं तर नोकरी आणि अब्रू जाणार, गप्प बसावं तर कुणाचा तरी जीव. "आलोच," म्हणून तो मागच्या दाराने सटकला. भित्रा मेला!

तो थेट सोमवारच्या त्या दुकानात पोचला. नंबर ऐकून दुकानदाराने वही चाळली. "ती डबी? सकाळीच नेली, मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या आजींनी."

"डॉक्टरांना घेऊन या तिथे, लगेच!" म्हणत तो धावत सुटला.

आजी शिलाई मशीनवर डोकं टेकून बसल्या होत्या. डबी शेजारीच होती, नंबर तोच. "एकच घेतली हो," त्या पुटपुटल्या, "तेव्हापासून खोली गरगर फिरतेय."

त्याने त्यांना आडवं केलं, मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. अठ्ठेचाळीस. परत मोजले. सेहेचाळीस. त्याचे स्वतःचे ठोके मात्र आवरेनात.

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही, आजी. या दुप्पट ताकदीच्या गोळ्या चुकून तुमच्याकडे आल्या. चूक ज्याने केली, तो मी."

आजींनी डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग हात सोडू नका."

खिशात फोन वाजला. मालक ओरडत होते, "कुठे उलथलास? साहेब सहीसाठी खोळंबलेत! चाळीस आहेत ना?"

"एकोणचाळीस," परतमोज म्हणाला. "चाळिसावी इथे आहे, त्यात एक गोळी कमी. अदलाबदल मीच केली. साहेबांना तसंच सांगा."

जिन्यावर डॉक्टरांची पावलं वाजली. आजींचा हात न सोडता तो पुन्हा एकपासून मोजू लागला.