लाल झालेले रकाने

सुनीती आगाशे यांनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर धायरीच्या फ्लॅटमध्ये त्या आणि नवरा गोपाळकृष्ण, दोघंच. गोपाळकृष्णांची नोकरी खासगी होती, त्यामुळे पेन्शन काय ती सुनीतीबाईंचीच. यंदाच्या वर्षारंभापासून ती महिनाअखेरपर्यंत पुरेना. घरभाडं नाही, कर्ज नाही, तरी पैसे जातात कुठे ते कळत नाही, हे गणिताच्या बाईंना सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी लॅपटॉपवर एक तक्ता करायला घेतला. तयार अ‍ॅप्स त्यांना पटली नाहीत. ती नुसती किराणा, प्रवास, औषधं अशी खाती पाडतात. त्यांना हवी होती घराची सवय. तूरडाळ किती दिवसांनी येते, चहा किती दिवस पुरतो, इस्त्रीवाल्याला पैसे कोणत्या वारी जातात. डब्यात साठवलेली बिलं आणि बँकेचे मेसेज लावून त्यांनी वर्षभराचे आकडे भरले. प्रत्येक वस्तूचं नेहमीचं अंतर काढलं आणि शेवटी एक नियम लिहिला: ते अंतर निम्मंही सरायच्या आत तीच वस्तू पुन्हा आली, तर रकाना लाल व्हावा.

एप्रिलच्या अठरा तारखेला सकाळी तक्ता पहिल्यांदा पूर्ण चालला. गेल्या महिन्याभरात अकरा रकाने लाल. तूरडाळ चार दिवसांत दोनदा. इस्त्रीचे पैसे एकाच आठवड्यात दोनदा. चहा नऊ दिवसांत तीनदा.

आधी त्यांनी स्वतःचं सूत्र तपासलं. चूक नव्हती. मग नवऱ्याला विचारलं.

"अहो, तुम्ही माझ्या फोनवरून पैसे देता का कुणाला?"

"तुझा पिन मला माहीत असता, तर मी एव्हाना बरी खुर्ची घेतली असती," पेपरातून डोकं न काढता गोपाळकृष्ण म्हणाले.

राहिला कोपऱ्यावरचा किराणावाला संतोष. हाच बिलं दोनदा लावतोय, अशी खात्री करूनच त्या दुकानात गेल्या. संतोषने शांतपणे ऐकून घेतलं.

"डबल नाही लावलं मॅडम. तुम्हीच दोनदा नेलीत."

"मी कशाला नेईन?"

त्याने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि तारीख लावली. पडद्यावर सुनीतीबाई उभ्या होत्या. खांद्याला करड्या रंगाची पिशवी, हातात डाळीचा पुडा. त्या काहीतरी बोलून हसल्या आणि फोन काढून पैसे दिले.

"मी काय म्हणतेय तिथे?"

"मी म्हणलो, परवाच नेलीत की. तर तुम्ही म्हणालात, पाहुणे येणारेत."

पाहुणे कोणी आले नव्हते. ती संध्याकाळ त्यांना अजिबात आठवत नव्हती.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. तक्ता पुन्हा उघडला, तेव्हा औषधांच्या ओळीत एक लाल रकाना दिसला. रक्तदाबाच्या गोळ्या: तीन तारखेला तीस, चौदाला पुन्हा तीस. त्यांनी खण उघडला. दिवसाला एक या हिशेबाने चव्वेचाळीस उरायला हव्या होत्या. होत्या पस्तीस. त्यांनी तीन वेळा मोजल्या. नऊ गोळ्या जास्तीच्या पोटात गेल्या होत्या. मागच्या आठवड्यात न्हाणीघरात चक्कर आली, ती त्यांनी उन्हाच्या माथी मारली होती.

त्या लॅपटॉपपाशी बसल्या आणि लाल रंगाचा नियमच पुसून टाकला. सगळे रकाने पांढरे झाले. तक्ता आता कोणालाही दाखवण्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्याचा पेला आणि गोळ्यांची पट्टी घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आजची गोळी घ्यायची होती की आत्ताच घेतली, ते काही केल्या कळेना. घशाला पाण्याची ओल होती, पण ती चहानंतरचीही असू शकत होती.

"अहो, जरा इकडे या," त्या म्हणाल्या. "मी आज गोळी घेतली का?"

गोपाळकृष्ण काहीतरी खवचट बोलणार होते. बायकोचा चेहरा पाहून थांबले. सुनीतीबाईंनी नियम परत घालून तक्ता दाखवला, दुकानातल्या कॅमेऱ्यात दिसलेलं सांगितलं. त्यांनी एकेक रकाना नीट पाहिला.

"इस्त्रीवाला जादाचे पैसे परत द्यायला आला होता," ते म्हणाले. "चहाचे पुडेही मीच वरच्या फळीवर ढकलले."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटली."

मेंदूच्या डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: रुमाल, विहीर, पेरू. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी… डॉक्टरांनाच पुरे म्हणावं लागलं. पण शब्द विचारल्यावर रुमाल आला, पेरू आला, मधला येईना. त्यांनी एक मिनिट मागून घेतलं. शेजारी गोपाळकृष्ण फरशीकडे बघत बसले होते.

रक्ताच्या तपासणीत बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं, थायरॉइडही बिघडलेलं.

"हे भरून निघण्यासारखं आहे," डॉक्टर म्हणाले. "यामागे आणखी काही आहे का, ते तीन महिन्यांनी बघू. आज सांगता येणार नाही." तक्त्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली आणि फाइलला लावली.

ते तीन महिने दोघांना फार जड गेले. इंजेक्शनं चालू झाली. गोळी गोपाळकृष्ण स्वतःच्या हाताने देत. दर रविवारी दोघं लॅपटॉपपुढे बसत आणि लाल रकाने मोजत. मेमध्ये सात रकाने लाल, जूनमध्ये चार. जुलैत तपासणीच्या आधीच्या रविवारी पुन्हा एक लाल झाला. श्रीखंड, तीन दिवसांत दोनदा. श्रीखंड आणल्याचं सुनीतीबाईंना काहीच आठवत नव्हतं.

"ते मी आणलं," गोपाळकृष्ण म्हणाले. "दोन्ही वेळा. पहिलं मी संपवलं होतं."

त्या आठवड्यात डॉक्टरांनी दिलेले तिन्ही शब्द त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी तरीही सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. जानेवारीची तारीख त्यांनी तक्त्यात घालून ठेवली आहे, आणि लॅपटॉपचा पासवर्ड नवऱ्याला लिहून दिला आहे.