मंगलाष्टकातली स्कूटी

भाचीच्या लग्नाचं मंगलाष्टक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मुरबाडला कॉलेजात कविता शिकवतो. मी चंद्र, गंगा, कल्पतरू, सगळ्यांना कामाला लावलं. शहापूरला बहिणीकडे जाऊन ते वाचून दाखवलं, तर भाची म्हणाली, "मामा, हे कुठल्यापण पोरीला चालेल. यात मी कुठंय?"

"तू चंद्रकोर आहेस की."

"मी स्कूटीवरून वाशिंदला कामाला जाते. वाटेत चंद्र कधी आडवा आला नाय."

प्रतिमा ताजी हवी, असं मी वर्गात दरवर्षी सांगतो. मुकाट्याने पुन्हा लिहायला बसलो. 'स्कूटी काढुन ती सकाळि निघते, दारात आई उभी.' वृत्तात चपखल बसलं.

"चारचौघांत शोभा करशील रे आमची!" बहीण म्हणाली. भाची मात्र हटली नाही.

मांडवात मीच गायलो. स्कूटी ऐकून वऱ्हाड हसलं, अंतरपाटामागे नवरीही हसली. पण या वृत्तात 'निघते'नंतर गाणाऱ्याला दम घ्यावाच लागतो. तेवढ्यात हसू विरलं आणि लांबलेल्या सुरात दारातली आई आली.

'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. बहिणीची मूठ मिटलेलीच होती.

"टाक गो," शेजारीण म्हणाली.

"टाकते गो. थांब जरा."