तुसाचा राब

राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वरच्या अंगाला आमचं मातीचं घर. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा झोडपायचा. दादा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी तिला पेंढा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद बांधायचे. तरी आषाढात तिचा एखादा तुकडा बसायचाच. मग आम्ही सगळे गोठ्यात, म्हशींच्या शेजारी. माझ्या दप्तराला येणारा शेणाचा वास बाकावरच्या मुलींना माझ्याआधी कळायचा. पक्क्या विटा आणायची ऐपत नव्हती, आणि आणल्या असत्या तरी टेम्पो वरपर्यंत चढत नव्हता.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. पुण्याला इंजिनिअरिंगच्या वर्गात एक दिवस ऐकलं, की भाताच्या तुसाची राख चुन्यात मिसळली तर सिमेंटसारखी धरते. मी ताठच बसले. आमच्या गावच्या भातगिरणीमागं तुसाचा डोंगर असायचा! गिरणीवाला तो पेटवून द्यायचा आणि सगळी आळी खोकायची.

हिवाळ्याच्या सुट्टीत तीच राख पोत्यात भरून आणली. चाळली, भोरहून आणलेला चुना आणि तांबडी माती घालून विटा पाडल्या.

"लेक इंजनेर व्हाय गेली आन् राख चाळाय लागली," आई शेजारणीला सांगायची, मला ऐकू येईल अशा बेतानं.

विटा ओल्या पोत्यांखाली मुरू दिल्या. मग एक वीट पाण्याच्या बादलीत टाकली. सकाळी बादलीत नुसता गाळ. आई डोकावली. "आमटी झाक झालीया. मीठ तेवढं घाल."

दादा हसले नाहीत. "ह्या इटांवर भित घालायची व्हय? म्या आपला पेंढा राखून ठेवतो."

चूक कुठं झाली, हे काही केल्या कळेना. डोक्यातून तो विषय जाईना.

उन्हाळ्याच्या तोंडाला राब भाजायला गेलो. भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, पाला, पेंढा अंथरायचा, वर माती पसरायची आणि पेटवायचं. जाळ वर आला की दादा माती टाकून दाबायचे.

"का दाबता?" मी विचारलं.

"का म्हंजी? आमच्या बापानं दाबला, म्हून आमी दाबतो."

दुसऱ्या दिवशी निवलेल्या राबात हात घातला. राख करडी, पिठासारखी मऊ. गिरणीमागची मात्र पांढरी, कचकचीत. तेव्हा वर्गातलं पुढचं वाक्य आठवलं: फार तापली की राख मरते, मग चुन्याशी धरत नाही. गिरणीमागं जाळ दिवसचे दिवस धडाडत असायचा. इथं नुसतं धुमसत होतं.

"दादा, नुसत्या तुसाचा राब भाजू या?"

"आन् त्यात रोपं कसली टाकायची? इटांची?" म्हणाले, पण खोरं उचललं.

त्या राखेच्या विटा पाडल्या, मुरवल्या, एक बादलीत टाकली. सकाळी दादांनीच ती बाहेर काढली आणि पायरीच्या दगडावर आपटली. कोपरा उडाला, वीट शाबूत राहिली. ते बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत होते.

"पानशेतचं बंगलेवालं हौसंनं मातीची घरं बांधत्यात, आन् आमी सिमिटाकडं डोळं लावून बसलोय. चल, घालू तुझी भित."

पावसाआधी भिंत झाली. त्या वर्षी दादांनी तरी पेंढा बांधलाच. म्हणाले, "तुझ्यावर इस्वास हाय, पोरी. पावसावर न्हाई."

गेल्या पावसाळ्यात त्यांनी पेंढा बांधला नाही. भिंत पडली नाही. आम्ही सगळे घरात झोपलो.