आईची थोरली बहीण

दोन हजार चारच्या डिसेंबरात त्सुनामीला तीन-चार दिवस झाले होते. मी भांडुपला आईकडे गेले होते. किनाऱ्यावरचं पाणी आधी आत ओढलं गेलं आणि ते बघायला लोक पुढे गेले, असं टीव्हीवर सांगत होते. मेथी निवडता निवडता आईचे हात थांबले.

"वर्सोव्यालाही असंच गेलं होतं पाणी."

आईचं माहेर तिथलं, कोळीवाड्यातलं.

"कधी गं?"

"मी आठ वर्षांची होते. बाय आणि मी कालवं काढायला खडकांवर गेलो होतो."

"बाय कोण?"

"माझी थोरली बहीण."

मी तेव्हा चाळीस वर्षांची. आईला फक्त एक भाऊ, हेच मला ठाऊक. मावशी होती, हे मला मेथीच्या जुडीसमोर बसून कळत होतं.

आई सांगत गेली. सकाळची वेळ. वारा नाही, पाऊस नाही. पाणी एकदम मागे सरलं आणि कधी न दिसलेले खडक उघडे पडले. आईच म्हणाली, चल, अजून पुढे जाऊ. टोपली भरली म्हणून ती ठेवायला आई वाळूवर परत आली. वळून पाहिलं तर खडक नव्हते, बायही नव्हती.

"लाट नाही आली गं. अख्खं पाणीच चालून आलं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी शोधलं. पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात, पहाटे, पाकिस्तानकडच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला होता. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, वर्सोव्यात माणसं गेली. मी धावतपळत आईला सांगायला गेले. वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

"म्हणजे आम्ही घरातून निघालो, तेव्हा पाणी निघालेलं होतं?"

"हो."

"पण पुढे तर मीच नेलं ना तिला."



रविवारी मी वर्सोव्याला मामांकडे गेले. ते आईपेक्षा सहा वर्षांनी मोठे. आईने सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं.

"तिला आठवतंय?" ते म्हणाले. "आम्ही साठ वर्षं घरात विषय काढला नाही. वाटलं, लहान होती, विसरली असेल."

मी तिथूनच आईला फोन लावला आणि मामांच्या हातात दिला. "बायचं सांग गं," ते तिला म्हणाले.